पाडलेल्या विमानांचा हिशेब कसा तपासावा

एखाद्या लढाऊ वैमानिकाच्या नावावरचा आकडा तपासायचा म्हणजे त्याच्या दाव्यासमोर शत्रूचं त्या दिवशी पडलेलं एखादं विमान शोधायचं आणि बरोबरची खूण करायची, असं सर्रास सांगितलं जातं. ऐकू नका. धुमश्चक्रीच्या दिवशी हव्या त्या दाव्याला हवी ती हानी सापडते. या सल्ल्यापायी माझी दोन वर्षं पाण्यात गेली.

सोपं काम आधी उरकू. दावा पुस्तकातून किंवा व्हिडिओतून उचलू नका; जमिनीवर उतरल्यावर वैमानिकानं दिलेल्या अहवालातून घ्या. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश अहवाल लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 50’ या मालिकेत आहेत, स्क्वाड्रनच्या (हवाई दलाच्या तुकडीच्या) रोजकीर्दी ‘एअर 27’ मध्ये.

मग दाव्याचा वर्ग बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्या नावावर 6 ते 19 जुलै 1918 या काळातले दहा विजय आहेत. त्यांतले निम्मे ‘ताबा सुटून खाली जाताना दिसलं’ या वर्गातले. त्या काळच्या ब्रिटिश नियमांनी तो रीतसर विजयच होता, म्हणून रॉय यांना खोटं ठरवायला निघू नका. पण जमिनीवर विमानाचा सांगाडा सापडेल अशीही अपेक्षा ठेवू नका. पुढे ब्रिटिशांनी ‘नष्ट’, ‘बहुधा नष्ट’ आणि ‘नुकसान’ असे वर्ग केले. अमेरिकन लोक अर्धा-पाव विजय वाटून देत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच मात्र तिघांनी मिळून पाडलेलं विमान तिघांच्याही नावावर पूर्ण एक असं मांडत. त्यामुळे दोन देशांच्या वैमानिकांचे आकडे शेजारी ठेवून ‘कोण मोठा’ करण्यात अर्थ नाही.

आता खरी मेख. सुरुवात दाव्यापासून करायची नाही, हानीपासून करायची.

15 सप्टेंबर 1940 ला जर्मनांची 185 विमानं पाडल्याचं ब्रिटननं जाहीर केलं. जर्मनांच्या स्वतःच्या नोंदींत त्या दिवशीची हानी साठच्या आसपास निघाली. सगळे खोटं बोलत होते असं नाही. त्याच दिवशी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनापाशी डॉर्नियर जातीचं एक जर्मन बॉम्बफेकी विमान कोसळलं. ब्रिटिश वैमानिक रे होम्स यांनी आपलं हरिकेन लढाऊ विमान त्याच्यावर आदळलं होतं, पण त्याआधी इतरांनीही त्याला झोडपलं होतं. प्रत्येकाला ते आपल्या गोळ्यांनी खिळखिळं झालेलं दिसलं, आणि दिसलं ते खरंच होतं. मी त्या दिवसाचा तक्ता एकेक वैमानिक घेऊन केला होता. सगळ्यांचे दावे ‘सिद्ध’ झाले म्हणून मी खूश होतो. मग विमानांचे क्रमांक क्रमानं लावले आणि तोंड कडू झालं. हेच एक डॉर्नियर मी तिघांच्या नावासमोर लिहून बसलो होतो. बँकेत एक पावती तीन खात्यांत जमा केली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

म्हणून वही उलटी मांडा. त्या दिवशी, त्या भागात शत्रूचं जे जे विमान गेलं, त्याला एक ओळ: प्रकार, क्रमांक, तुकडी, वैमानिक, जागा, वेळ, शेवटची अवस्था. अपघातात गेलेली आणि तोफांनी पाडलेली विमानंही आलीच पाहिजेत. सगळ्या ओळी भरून झाल्यावरच दावे त्यांच्याखाली लावायला घ्या. एका ओळीवर तीन दावे आले तर तिघांची नावं लिहा, पण ओळ एकच राहू द्या.

7 सप्टेंबर 1965 चं सरगोधा, पाकिस्तानचा हवाई तळ, घ्या. पाकिस्तानच्या एम. एम. आलम यांनी एका चकमकीत, एका मिनिटाच्या आत, भारताची पाच हंटर लढाऊ विमानं पाडल्याचा दावा जगभर सांगितला जातो. त्या मिनिटावर वाद घालण्यात लोकांनी आयुष्यं घालवली. मी आधी भारताच्या हानीची वही उघडतो. त्या दिवशी सरगोध्यावर गेलेल्या हंटरपैकी तीन परत आली नाहीत. स्क्वाड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार मारले गेले, स्क्वाड्रन लीडर कक्कर युद्धकैदी झाले. तीन ओळींच्या वहीत पाच नोंदी मावत नाहीत. ‘हानी लपवली असेल’ हा आक्षेप येणारच. त्यासाठीच विमानांबरोबर माणसं मोजायची. प्रचारपत्रकात विमान लपवता येतं. मेलेल्या वैमानिकाचं घर, त्याचं निवृत्तिवेतन, त्याचा सन्मान किती वर्षं लपवणार?

उलटी वही मांडायचं दुसरं कारण त्याच दिवसातलं आहे. सकाळच्या हल्ल्यात मिस्टेअर विमानातले स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या परतले नाहीत. आपल्याकडे त्यांची नोंद ‘बेपत्ता’. त्यांच्या बाजूनं दावा करायला कोणी उरलंच नव्हतं. पाकिस्तानच्या हानीत मात्र एक स्टारफायटर लढाऊ विमान होतं, ज्यातून अमजद हुसेन यांनी उडी मारली होती. एका ब्रिटिश लेखकानं पाकिस्तानी बाजूनं लिहिलेल्या युद्धाच्या हकिकतीतून ते विमान देवय्यांनीच पाडल्याचं उघड झालं. 1988 मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दाव्यांची यादी घेऊन बसलेल्याला हा विजय कधीच सापडला नसता.

घड्याळानं मी दोनदा फसलो आहे. भारत आणि पश्चिम पाकिस्तानच्या प्रमाणवेळेत अर्ध्या तासाचा फरक; पूर्व पाकिस्तानचं घड्याळ तेवढंच आपल्या पुढे. जुलै 1918 मध्ये जर्मन घड्याळ ब्रिटिशांच्या एक तास पुढे होतं. वहीत सगळ्या वेळा आधी एका घड्याळावर आणा. नाहीतर एकच चकमक दोन वाटते, किंवा दोन वेगळ्या चकमकी एकात मिसळतात.

‘शेवटची अवस्था’ हा रकाना आळसानं रिकामा सोडू नका. 3 सप्टेंबर 1965 ला भारतीय वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी पाकिस्तानचं सेबर लढाऊ विमान पाडल्याची नोंद झाली, वीरचक्रही मिळालं. ते सेबर जबर मार खाऊन का होईना, तळावर उतरलं होतं. जर्मन नोंदींत नुकसान टक्क्यांत लिहिलेलं असतं. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे विमान बाद, असं धरा. गन कॅमेऱ्याच्या, म्हणजे विमानातल्या बंदुकांबरोबर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फिल्मवरही फार भिस्त नको. ट्रिगरवरचं बोट सुटलं की फिल्म थांबते. गोळ्या लागलेल्या दिसतात, विमान पडलेलं दिसेलच असं नाही. पूर्ण शक्तीवर सूर मारणारं मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान काळा धूर सोडतं. मागच्याला वाटतं पेटलं, आणि ते खाली ढगांतून घरी जातं.

निकाल तीन रकान्यांत लिहा: जुळलं, जुळलं पण वाटून, न जुळलेलं. 22 नोव्हेंबर 1971 च्या बोयराच्या चकमकीत आपल्या नॅट विमानांनी तीन सेबर पाडल्याचं सांगितलं. दोन सेबरचे वैमानिक आपल्या हाती लागले, त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दोन ओळी पक्क्या. तिसरं सेबर मार खाऊन परत गेलं, असं पाकिस्तानी बाजू सांगते. माझ्या वहीत ते ‘न जुळलेलं’ मध्ये आहे. व्याख्यानानंतर कोणी ना कोणी त्यावरून भांडायला येतं, मी त्यांना वही देतो आणि चहा मागवतो.