मटण वातड, रस्सा पांचट, वर तवंगच नाही: या चुका टाळा

धुळवडीला आणि आखाडात सातारा-सांगलीकडच्या घरांतून तीनच तक्रारी ऐकू येतात. मटण शिजंना, रस्सा पाण्यासारखा झाला, नाहीतर कडवट लागतोय. खापर बहुतेक वेळा मसाल्यावर फुटतं. खरं तर मसाला पडायच्या आधीच निम्मा रस्सा बिघडलेला असतो, दुकानात, अळणीच्या (म्हणजे मसाला न घालता हळद-मिठात शिजवलेल्या मटणाच्या पाण्याच्या) पातेल्यात किंवा वाटण भाजताना.

पुढची मापं एक किलो बोकडाच्या मटणाची आहेत. सहा माणसांना भाकरी कुस्करून खाता येईल असा, साधारण दोन लिटर पातळ रस्सा यातून निघतो. चमच्याला लपेटून बसणारी ग्रेव्ही हवी असेल तर तो पदार्थ वेगळा.

नुसती मांडी मागू नका

"हाडं कमी घाला" असं दुकानात सांगितलं की पांचट रश्शाची सुरुवात तिथंच होते. रश्शाला अंग येतं ते हाडांच्या टोकांपाशी आणि सांध्यांत असलेल्या चिवट पांढऱ्या पडद्यांमुळं. हे पडदे सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढं सावकाश विरघळतात, त्यांचं जिलेटिन होतं आणि बोटं एकमेकांना चिकटतील असा रस्सा तयार होतो. मांडीत ते कमी असतात, म्हणून नुसत्या मांडीचं मटण आधी कोरडं पडतं आणि रस्साही रिकामा राहतो. किलोत निम्मं मांडी-खांद्याचं घ्या, बाकीचं चाप, गर्दन आणि दोन-तीन नळ्या. चरबी पन्नास ग्रॅम पुरे.

बोल्हाईचं म्हणजे मेंढीचं मटण असेल तर हिशेब थोडा बदलतो. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी मांसासाठी नावाजलेली आहे. पण मेंढीची चरबी लवकर थिजते आणि रस्सा कोमट झाला की टाळूला चिकटते. चरबी वेगळी घेऊ नका, तेल एक तृतीयांशानं कमी करा आणि वाढताना रस्सा कढत असू द्या.

धुळवडीचं मटण वातड का होतं?

पहाटे कापलेलं मटण सातला घरी येतं आणि नऊला चुलीवर चढतं. कापल्यानंतर काही तासांत जनावराचे स्नायू आखडतात. तो ताठरपणा सुटायला बराच वेळ जावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळात आपण ते शिजवायला घेतो. "अगदी ताजं आणलंय, तरी शिजंना" ही तक्रार म्हणूनच उलटी आहे. ते शिजत नाही, कारण ते फार ताजं आहे. शक्य असेल तर आदल्या दिवशी आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये मात्र टाकू नका. कोमट मटण एकदम गोठवलं की स्नायू आणखी आक्रसतात आणि तो चिवटपणा नंतर शिजवूनही पुरता जात नाही.

कच्च्या पपईचा कीस एका किलोला एक मोठा चमचा, अर्धा तास, यापेक्षा जास्त नको. रात्रभर लावून ठेवली तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं मटण होतं तसंच राहतं. कोवळ्या बोकडाला ती लागतच नाही.

धुताना मटण पाण्यात भिजत घालू नका. दोनदा भरभर धुवून चाळणीत निथळत ठेवा आणि हाडांचा भुगा बोटांनी काढून टाका. मग अर्धा चमचा हळद, दोन सपाट चहाचे चमचे मीठ आणि आलं-लसणाचं वाटण चोळून अर्धा तास झाकून ठेवा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून ती ढीगभर घालायची नसते. जास्त झाली की अळणी तुरट लागते.

अळणी: इथं घाई केली की पुढं काही सुधारत नाही

पातेल्यात दोन पळ्या तेल, त्यात एक बारीक चिरलेला कांदा गुलाबी करा आणि मटण घाला. पाणी अजिबात घालू नका. मध्यम आचेवर परता, मटणाचा रंग बदलला की झाकण ठेवा आणि झाकणात पाणी ओता. जुन्या घरांत हे खोलगट पितळी झाकण असायचं, ताटलीनंही काम होतं. आत मटणाला त्याचं स्वतःचं पाणी सुटतं, वर गेलेली वाफ झाकणाला लागून परत खाली ठिबकते आणि तोवर झाकणातलं पाणीही तापतं. दहा-बारा मिनिटांनी झाकण काढलंत तर मटण आपल्याच पाण्यात बुडबुडताना दिसेल आणि कडेनं पिवळसर तेल सुटलेलं असेल. आता झाकणातलं ते गरम पाणी आत ओता आणि आणखी उकळतं पाणी घालून एकूण दीड लिटर करा. वर येणारा करडा फेस पळीनं काढा.

या टप्प्याला गार पाणी ओतणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. उकळी तुटते, पातेलं पुन्हा तापेपर्यंत वेळ जातो, आणि ती भरपाई म्हणून आच मोठी केली जाते. खळखळ उकळीत चरबीचे बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात आणि अळणी गढूळ, चरबट होते. पृष्ठभाग नुसता थरथरत राहील एवढीच आच हवी. पातेल्यात कोवळ्या बोकडाला तास लागतो, जून असेल तर दीड ते दोन तास. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला यात पंधरा-वीस मिनिटं वाढवा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

कुकर वापरायला हरकत नाही, फक्त शिट्ट्या मोजत बसू नका. शिट्टी आचेवर, कुकरच्या आकारावर आणि आतल्या पाण्यावर अवलंबून असते. शेजारणीच्या पाच शिट्ट्या तुमच्या पाच नव्हेत. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा. कोवळ्याला बारा ते पंधरा मिनिटं, जुनाला पंचवीस. मग वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की १२० अंशांच्या आसपास असलेलं पाणी आत एकदम उसळतं, मटणाच्या रेषा सुटतात आणि ते कोरडं होतं.

शिजलंय की नाही हे काटा टोचून नीट कळत नाही. चापेचा एक तुकडा बाहेर काढा आणि हाडाजवळ बोटानं दाबा. मांस हाडावरून मागं सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर अजून वेळ द्या. वातड मटणावर वेळ हाच उपाय आहे, आणि तो वाटण घालायच्या आधी द्यायचा.

वाटण

एक किलोला मोठे तीन कांदे, पन्नास ते साठ ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ, एक चहाचा चमचा खसखस, पंधरा-वीस लसूणपाकळ्या, दीड इंच आलं आणि कोथिंबिरीच्या काड्या. सगळं एकाच कढईत, एकाच वेळी टाकून भाजणं ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. तीळ मिनिटाभरात तडतडतात, खोबरं दोन-तीन मिनिटांत तांबूस होतं, कांद्याला मात्र पंधरा मिनिटं लागतात. एकत्र घातलं की कांदा कच्चा राहतो नाहीतर खोबरं करपतं. कच्च्या कांद्यानं रस्सा गोडसर आणि उग्र होतो. करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा तर कशानंच झाकत नाही, म्हणून खोबरं काळं झालं तर तेवढं टाकून द्या आणि नवं भाजा. वीस रुपयांचं खोबरं वाचवण्यासाठी किलोभर मटण घालवू नये.

खोबऱ्यात तेल भरपूर असतं, त्यामुळं गॅस बंद केल्यावरही तापलेल्या कढईत ते भाजत राहतं. एक छटा अलीकडेच थांबा आणि लगेच ताटात काढा. भाजण्याआधी एक तुकडा चावून बघा. खवट असेल तर तो वास शेवटपर्यंत राहतो.

कांदे अख्खे निखाऱ्यावर किंवा गॅसवर जाळीत भाजले तर चव वेगळीच. पण वरची काळी साल काढून टाका, ती वाटली की रस्सा राखाडी पडतो. सगळं थंड झाल्यावर थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. भरड राहिलं की चोथा तळाशी बसतो, पाणी वर राहतं आणि वाटीत रस्सा फाटल्यासारखा दिसतो.

मसाला, तेल आणि तवंग

तवंग हवा आणि तेल मात्र नको, असं दोन्ही जमत नाही. या मापाला फोडणीसाठी शंभर मिली तेल लागतं, अळणीतल्या दोन पळ्या वेगळ्या. वाटण तेलात पडलं की पहिली पाच मिनिटं ते तेल पिऊन घेतं आणि कढई कोरडी दिसते. इथं बरेचजण घाबरून पाणी ओततात. ओतू नका. मंद आचेवर ढवळत राहा, तळाला लागतंय असं वाटलं तर चमचाभरच अळणी शिंपडा. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला वाटण कढईची कड सोडतं, गोळा होतं आणि भोवती तेल चमकायला लागतं. त्याआधी पाणी पडलं तर तेल वाटणातच अडकून राहतं आणि मग कितीही उकळा, तवंग येत नाही.

आता कांदा-लसूण मसाला, तीन मोठे चमचे. आधी आच अगदी बारीक करा, पातेलं जाड बुडाचं असेल तर अर्धा मिनिट खालीच उतरवा. चिमूटभर टाकून बघा. तेलात हलका फेस यावा, काळं पडू नये. मग सगळा मसाला घाला, वीस-तीस सेकंद हलवा आणि पळीभर गरम अळणी ओता. लाल रंग विटकरीवरून कॉफीसारखा झाला आणि घशात ठसका बसला तर मिरची जळली असं समजा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून उकळत्या रश्शात वरून मसाला भुरभुरवला की रंग चढत नाही आणि कच्चट वास तेवढा राहतो. उन्हाळ्यात केलेला मसाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फिका पडतो, तेव्हा चमचे वाढवण्यापेक्षा एक चमचा ब्याडगीची पूड घाला.

आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं. अळणीला मीठ, मसाल्यात मीठ आणि वर सवयीनं तिसऱ्यांदा मीठ, मग रस्सा खारट होणारच. तिसऱ्यांदा घालायचं ते उकळी आल्यावर आणि चाखूनच.

मटण आणि सगळी अळणी घाला, लागलं तर अर्धा लिटर उकळतं पाणी. एक उकळी आणा, आच बारीक करा, अर्धवट झाकून पंधरा मिनिटं ठेवा. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं पळी लावू नका. तवंग वर यायला तेवढी उसंत लागते.

टोमॅटो? घालणारे घालतात. पण मग तो या बाजूचा रस्सा राहत नाही.

झालेली चूक सावरायची असेल तर

खारट रश्शात बटाटा किंवा कणकेचा गोळा टाकण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि तो फारसा कामाचा नाही. बटाटा मीठ वेगळं शोषत नाही, खारट पाणीच शोषतो. उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. बिनमिठाचं उकळतं पाणी घाला आणि पातळपणा भरून काढायला थोडं जास्तीचं वाटण तेलात परतून मिसळा. म्हणूनच वाटणाचा मुठीएवढा गोळा आधीच बाजूला ठेवावा.

तिखट झाला तर साखर घालू नका. मिरचीचा जाळ बराचसा तेलात असतो, त्यामुळं वरचा कट डावानं काढून वाटीत घ्या. रस्सा लगेच सौम्य होतो आणि ज्यांना झणझणीत हवा ते ताटात वरून घेतात. पांचट झाला तर एक मोठा चमचा भाजलेल्या डाळ्याचं पीठ गरम रश्शात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. दोन चमच्यांच्या पुढं गेलात की पिठल्याची चव येते. तळाला लागला तर ढवळू नका, खरवडू नका, वरचा रस्सा अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता.

जत्रेचं मोठं पातेलं

दहा किलोला सगळं दहापट करणं चुकीचं. मोठ्या पातेल्यात रश्शाच्या मानानं वाफ कमी उडते, म्हणून पाणी सातपटीच्या आसपास ठेवा आणि लागेल तसं वाढवा. तेल सहा-सातपट पुरतं. मीठ-मसाला सातपटीनं सुरू करून चाखत जा. वाटण मात्र पूर्ण दहापट हवं, आणि ते दोन-तीन घाण्यांत परता. एकदम टाकलं तर ते भाजलं न जाता उकडतं.

उरलेला रस्सा रात्रभर त्याच पातेल्यात झाकून ठेवू नका. मोठ्या पातेल्याचा मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, आणि शिजवूनही न मरणारे काही जंतू नेमके तिथंच वाढतात. दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत वाटून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर तेलाचा घट्ट थर आणि खाली थिजलेला रस्सा दिसेल. तो तसाच भांड्यासह गॅसवर चढवा, सावकाश वितळू द्या आणि चांगली खळखळून उकळी आल्यावरच वाढा.