मुलाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर या चुका टाळा

दहावी-बारावीच्या वयाचा मुलगा किंवा मुलगी ‘मला जगावंसंच वाटत नाही’ म्हणते, तेव्हा घरातली माणसं घाबरतात आणि घाबरूनच बोलायला लागतात. बहुतेक चुका इथे होतात. त्या मायेपोटी होतात, पण मुलाचं तोंड मात्र बंद करतात.

पहिली चूक म्हणजे सरळ न विचारणं. ‘विचारलं तर उलट डोक्यात भरेल’ ही भीती फार घट्ट बसलेली आहे, पण ती खरी नाही. या विषयावर झालेल्या अभ्यासांत विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचं आढळलेलं नाही. अनेक मुलांना विचारल्यावर हलकं वाटतं. आधी जे दिसतंय ते सांगा: ‘तू आठ दिवस नीट जेवत नाहीस, रात्री जागा असतोस.’ मग थेट विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न टाळू नका. कधीपासून येतं? कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंयस का? त्यासाठी काही जमवून ठेवलंयस का? पूर्वी कधी प्रयत्न केला होतास का? बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर धोका मोठा आहे. त्या क्षणापासून मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उद्याची अपॉइंटमेंट चालणार नाही.

‘तसं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आणि मूल तेच उत्तर देतं.

दुसरी चूक, लगेच समजवायला बसणं. ‘आमच्या वेळी काय हाल होते’, ‘एवढ्याशा मार्कांसाठी?’, ‘आईचा तरी विचार कर.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागतं, कारण अशा मुलाला आपण घराला ओझं झालोय असं आधीच वाटत असतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त ऐका. बोलायचंच असेल तर एवढंच: ‘तू हे सांगितलंस ते फार बरं झालं. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. यातून वाट काढायला मी तुझ्याबरोबर आहे.’ निकाल, पुरवणी परीक्षा, कॉलेज हे विषय नंतरचे.

‘माझी शपथ घे, असं काही करणार नाहीस’ हेही नको. शपथेने विचार थांबत नाहीत. उलट पुन्हा विचार आला की शपथ मोडल्याची लाज वाटते आणि मूल सांगणं बंद करतं. त्याऐवजी दोघांनी मिळून एका कागदावर लिहा: विचार वाढायला लागले की मला आधी काय जाणवतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुणाकडे जाऊन बसलं की मन वळतं, मदत मागायला कुणाला फोन करायचा, नंबरासकट, डॉक्टरांचा आणि हेल्पलाइनचा नंबर, घर सुरक्षित कसं ठेवायचं. शब्द मुलाचेच असू द्या. कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्येही असावा.

घर सुरक्षित करणं लोकांना किरकोळ वाटतं, पण इथे खरोखर जीव वाचतात. ‘करायचंच असेल तर कसंही करेल’ हा समज चुकीचा आहे. टोकाची ऊर्मी अनेकदा काही मिनिटांची किंवा तासांची असते; तेवढा वेळ साधन हाती लागलं नाही, तर ती ओसरू शकते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण 1995 नंतरच्या वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. म्हणून शेतीची औषधं घरात ठेवूच नका. काही दिवस दुसऱ्याकडे कुलुपात ठेवा. आजी-आजोबांच्या गोळ्यांसकट सगळी औषधं कुलुपात, किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर. मुलाने ज्या साधनाचा उल्लेख केला असेल, ते सगळ्यात आधी हलवा. हे त्याला सांगून करा.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘गावभर करणार नाही, पण तुला जपायला ज्याची मदत लागेल त्याला सांगेन, आणि तुला सांगून सांगेन’ हे खरं वचन. शाळेत विश्वासाच्या एका शिक्षकाला सांगितलं तरी पुरतं.

मोबाइल हिसकावू नका, त्याबरोबर मित्रही तुटतात. फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवून 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

हातावर चरे दिसले तर ‘नाटकं’ म्हणू नका. अंगारा-धुपारा करायचा तर करा, पण त्यापायी डॉक्टरांकडे जायला एक दिवसही उशीर नको. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता, चिडचिड किंवा मरणाचे विचार वाढलेले दिसले, तर गोळ्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळ्या मोठ्यांनीच द्यायच्या.

प्रयत्न झालाच, तर ‘आता बरा दिसतोय’ म्हणून घरी थांबू नका. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. 108 ला फोन करा, विषाचा डबा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरांपासून खरं लपवलं जातं आणि उपचार चुकतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

घरी आल्यावर सगळे सैल पडतात, ही शेवटची मोठी चूक. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. पहिली फेरतपासणी आठवड्याच्या आत हवी. खूप दिवसांच्या उदासीनंतर मूल एकाएकी शांत झालं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, तर पुन्हा तेच थेट प्रश्न विचारा.

टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मूल बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. रात्रीची सोबत एकट्या आईवर टाकू नका. मामा, काका, मोठी बहीण यांच्यात पाळ्या लावून घ्या.