आउटबोर्ड किती पेट्रोल पितं? ताणकाटा आणि मोबाईलवर करायचा हिशेब

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. त्याच्या सुट्या टाकीच्या झाकणावर पेट्रोल दाखवणारा जो छोटा काटा असतो, त्याच्या भरवशावर देवबागच्या संगमाबाहेर, म्हणजे मालवणजवळ कर्ली खाडी समुद्राला मिळते त्यापलीकडे, होडी काढू नये. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठली की तो एक आकडा दाखवतो, खाली बसली की दुसरा. दुसरी सवय म्हणजे रुपयांत हिशेब ठेवायची: ‘आज पाचशेचं टाकलं, संध्याकाळपर्यंत पुरलं.’ त्यातून खिसा किती हलका झाला ते कळतं, पण शिल्लक पेट्रोलवर किती लांबून परत येता येईल ते कळत नाही. आपल्याला हवा असतो तो नेमका हाच आकडा, लिटरमागे किलोमीटर, आणि तोही आपल्या होडीचा, आपल्या ओझ्याचा.

उदाहरणाला १६ फुटी फायबरची होडी घेऊ. मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि २५ लिटरची सुटी प्लास्टिकची टाकी. साहित्य तीनच गोष्टींचं: हुकाचा डिजिटल ताणकाटा (बॅगा किंवा मासळी तोलायला मिळतो तो, ३० किलोपर्यंतचा पुरे), जीपीएस असलेला मोबाईल आणि एक वही. होडीत बसवलेली पक्की टाकी असेल, तर चाचणीपुरती एखादी सुटी टाकी मागून आणा.

टाकी तोलायची

लिटर मोजण्यापेक्षा किलो मोजणं सोपं आणि जास्त खरं. टाकीचा तळ सरळ नसतो, त्यामुळे काठी बुडवून उपयोग होत नाही. शिवाय उन्हात पेट्रोल फुगतं, प्लास्टिकही फुगतं. वजन मात्र ऊन असो की सावली, तेवढंच राहतं.

पेट्रोलचं लिटरचं वजन पंपावरच कळतं. तिथे त्या दिवसाची घनता लिहिलेली असते, नसेल तर विचारायची. ७४० लिहिलं असेल तर एक लिटर म्हणजे ७४० ग्रॅम. टू-स्ट्रोकच्या ऑइलने यात फारसा फरक पडत नाही.

टाकी किनाऱ्यावर, उघड्या हवेत आणून तोला. होडीत तोलू नका, डुलत्या होडीत काटा एका जागी थांबत नाही. भरायचीही बाहेरच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीच्या तळात साचून राहते. आसपास कोणी बिडी ओढत नाही ना, ते पाहून घ्या. टाकी गळ्यापर्यंत भरू नका, २२ लिटरवर थांबा. पाइप काढलेला, हवेचा स्क्रू बंद, बाहेरून टाकी पुसलेली, अशाच अवस्थेत दर वेळी वजन घ्यायचं. एकदा पाइपसकट आणि एकदा पाइपशिवाय तोललं तर सगळा हिशेब पाण्यात.

फेरी मारायची

चाचणी सकाळी करा. मतलई वारा पडत आलेला असतो आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात, तेव्हा पाणी सर्वांत शांत मिळतं. डिसेंबरनंतर दुपारी वायव्येचा वारा धरला की त्या आकड्यांत इंजिनाचा भाग किती आणि लाटांचा किती, हे सांगता येत नाही.

मोबाईलवर मार्ग नोंदवणारं कुठलंही ॲप चालू करा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. जेवढं अंतर जाल, त्याच मार्गाने तेवढंच परत या. कर्ली खाडीत ओहोटीची ओढ चांगलीच असते. नुसतं ओढीबरोबर जाऊन मोजलं तर होडी फारच कमी पिते असं वाटेल, उलट मोजलं तर इंजिन बिघडलं असं. जाऊन-येऊन केलं की ओढीचा परिणाम बराचसा फिटतो, आणि भरती किंवा ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमाराला, पाणी थबकलेलं असताना केलं तर उत्तमच.

एका चाचणीत एकच रेस ठेवायची. मुठीवर आणि हँडलवर रंगीत टेपची खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी मूठ तेवढीच पिळता येईल. निदान चार-पाच लिटर जळू द्या. अर्धा लिटर जाळून काढलेल्या आकड्यात काट्याची चूकच मोठी होऊन बसते.

हिशेब

निघताना टाकी १९.८ किलो, परत आल्यावर १६.१. फरक ३.७ किलो. त्याला ०.७४ ने भागा: ५ लिटर. फोन म्हणतो अंतर २० किलोमीटर, वेळ एक तास. म्हणजे तासाला ५ लिटर आणि लिटरला ४ किलोमीटर. सागरी मैलात हवं असेल तर किलोमीटरला १.८५२ ने भागा.

आकडा बरोबर वाटतो का, हे ताडून पाहायला एक ठोकताळा आहे. पूर्ण रेसवर जुन्या धाटणीचं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण ०.४ लिटर घेतं, फोर-स्ट्रोक ०.३ च्या आसपास. १५ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकला पूर्ण रेसवर ६ लिटर, तर पाऊण रेसवर ५ पटण्यासारखे आहेत. पूर्ण रेसवर १० आले तर आधी वजन पुन्हा घ्या, मग पाइप कुठे पाझरतोय का ते बघा.

तीन वेग, तीन आकडे

खरी गंमत इथे आहे. ही होडी ताशी ८-९ किलोमीटरने पाणी कापत चालते तेव्हा पेट्रोल सर्वांत जास्त पुरतं. रेस वाढवली की नाळ आभाळाकडे जाते, मागची बाजू रुतते, मागे मोठी लाट उठते आणि वेग मात्र फारसा वाढत नाही. ही सर्वांत महागडी अवस्था. आणखी रेस दिली की होडी पाण्यावर चढते, नाळ खाली येते, लाट सपाट होते. आता तासाला पेट्रोल जास्त जातं, पण अंतरही भराभर कापलं जातं, त्यामुळे लिटरमागचे किलोमीटर पुन्हा सुधारतात.

पर्यटकांच्या होड्यांमध्ये नेमकी ही मधली अवस्था सतत दिसते. माणसं जास्त, इंजिन तेवढंच, त्यामुळे होडी वर चढतच नाही आणि चालवणारा मूठ पिळत राहतो. अशा वेळी रेस कमी करून सावकाश जाणं शहाणपणाचं. नाहीतर दोन माणसांना मागून उठवून पुढे बसवा आणि फरक बघा. वहीत म्हणून तिन्ही वेगांचे आकडे हवेत, एकदा हलक्या होडीचे आणि एकदा भरलेल्या.

किती लांब जायचं

टाकीतले तळाचे दोन लिटर हिशेबात धरू नका. होडी उडायला लागली की तिथे पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. २२ पैकी उरले २०. त्याचे तीन भाग: एक जायला, एक यायला, एक हातचा. म्हणजे जायला साडेसहा लिटर. लिटरला ४ धरले तर २६ किलोमीटर होतात, पण वहीतला सर्वांत वाईट आकडा धरायचा, सर्वांत चांगला नाही. भरलेल्या होडीला समोरच्या वाऱ्यात २.८ मिळत असतील तर मर्यादा १८ किलोमीटरची. सकाळच्या शांत पाण्यात दक्षिणेकडे गेलात की दुपारी वायव्येचा वारा तोंडावर घेऊनच परतायचं असतं.

आकडा घसरला तर

ओझं तेच, रेस तीच, तरी लिटरमागे किलोमीटर कमी झाले, तर आधी होडी उलटी करून बूड बघा. शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचा थर धरला असेल तर तेच कारण. मग पंखा (प्रोपेलर): पात्याची कड वाकली आहे का, दांड्याला मासेमारीची तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळली आहे का. त्यानंतर प्लग, पाइपमधला हाताने दाबायचा रबरी फुगा, पाइपचे जोड. टू-स्ट्रोकला पेट्रोल-ऑइलचं ५० ला १ चं प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि ऑइल. ‘इंजिनाला बरं’ म्हणून जास्त घातलं की प्लग काळे पडतात.

इथेनॉलचाही हिशेब धरा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, म्हणून जुन्या नोंदींशी तुलना करताना तेवढा फरक सोडून द्या. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे खाऱ्या दमट हवेत अर्धी टाकी महिनोन्‌महिने ठेवू नये. बऱ्याच आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते, आपलं मॅन्युअल एकदा उघडून पाहा.

पाइपमध्ये बसवायचे फ्लो-मीटर मिळतात आणि सोयीचे असतात, पण मंद रेसवर कार्बोरेटरच्या इंजिनाचा प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो आणि मीटर चुकतं. ते जुळवून घ्यायलाही टाकी तोलावीच लागते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीकाळात होडी वर ओढून बूड साफ केलं, रंग दिला, पंखा बदलला, की ऑगस्टमधली पहिली चाचणी नव्या पानावर लिहा. जुने आकडे त्या होडीला आता लागू नाहीत.