उशिरा भरलेल्या जीएसटीवरील व्याज कसे काढावे

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 50 नुसार उशिरा भरलेल्या करावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज लागते आणि ते मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जाते. विवरणपत्र त्याच महिन्याचे असून केवळ उशिरा भरले असेल, तर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या कराची मिळणारी वजावट) वजा जाता रोखीने भरायच्या रकमेवरच व्याज आकारले जाते. अनेक लहान व्यापारी मात्र नकळत संपूर्ण करावर हिशेब करतात, याचे वाईट वाटते.

समजा, मे महिन्याचा कर 1,00,000 रुपये, क्रेडिट 60,000 रुपये आहे आणि 20 जूनऐवजी 15 जुलैला विवरणपत्र भरले. तेव्हा 40,000 ला 18 टक्क्यांनी व 25 दिवसांनी गुणून 365 ने भागावे. व्याज सुमारे 493 रुपये येते. हे व्याज क्रेडिटमधून भरता येत नाही, आणि विलंब शुल्क वेगळे असते.

राहून गेलेले विक्रीचे बिल पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दाखवल्यास मात्र केवळ रोख रकमेवर व्याज भरण्याची ही सवलत मिळत नाही, म्हणून मुदतीपूर्वी विक्रीची नोंदवही बिलांशी अवश्य ताडून पाहावी.