टाइमशीट मंजूर करताना या चुका टाळा

नव्या सुपरवायझरला हजेरीच्या सिस्टिमचं लॉगिन मिळालं की तो पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतो. वरच्या चौकटीत टिक करायची, सगळ्या ओळी निळ्या झाल्या की ‘अप्रूव्ह’ दाबायचं. चाळीस माणसांची हजेरी दहा सेकंदांत! हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. त्या प्रत्येक ओळीवर कुणाचा तरी पगार निघणार असतो.

मीही एकदा हेच केलं होतं. आमच्या लाइनवरच्या एका मामांना आयत्या वेळी सेकंड शिफ्टमधून थर्डला टाकलं, शुक्रवार ते बुधवार, सहा रात्री. सिस्टिममध्ये शिफ्ट बदलायची राहिली. मामा रात्री साडेदहाला यायचे, सकाळी साडेसहाला जायचे. सिस्टिम मात्र तारखेप्रमाणे पंच, म्हणजे येण्या-जाण्याच्या नोंदी, जुळवत बसली. सकाळी 6:38 चा जाण्याचा पंच तिने ‘इन’ धरला आणि त्याच दिवशी रात्री 22:31 चा येण्याचा पंच ‘आउट’. झाले 15 तास 53 मिनिटं. असं सलग पाच दिवस. शुक्रवारी एकच पंच, म्हणून तो दिवस गैरहजर.

मंजुरीच्या शेवटच्या दिवशी मी घाईत ‘सिलेक्ट ऑल’ केलं. जवळजवळ 40 तासांचा ओटी (ओव्हरटाइम) मंजूर झाला. ओटीला दर दुप्पट, म्हणजे दहा दिवसांची मजुरी जादा. मामांना वाटलं, पगाराचा मागचा फरक मिळाला असेल. त्यांनी त्यातून मुलीची फी भरली. पुढच्या महिन्यात ऑडिटला चूक सापडली आणि सगळी रक्कम एका झटक्यात कापली गेली. मामा माझ्यासमोर येऊन एवढंच म्हणाले, “साहेब, मी मागितले होते का पैसे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी शिफ्ट मार्गी लागली की चहाच्या आधी कालच्या ओळी बघतो. एकच पंच असलेली ओळ, बारा तासांच्या वर गेलेली ओळ, आठवड्याचे 48 तास ओलांडलेला माणूस, या तीन गोष्टींवर आधी नजर. शिफ्ट बदलली तर माणूस मशीनवर उभा राहण्याआधी सिस्टिममधलं रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, बदलतो. रोजची दहा मिनिटं लागतात. ज्यांना तेवढीही काढायची नसतील, त्यांनी माणसं सांभाळायची जबाबदारी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे कामगाराची टाइमशीट परस्पर दुरुस्त करणं. “पंच राहिला साहेब” म्हटलं की लगेच आपणच वेळ टाकून मोकळं व्हायचं. दोन महिन्यांनी वाद झाला की ती वेळ कुणी आणि कशावरून टाकली, हे कुणालाच सांगता येत नाही. मी शीट परत पाठवतो, शेऱ्यात कारण लिहितो: “12 तारखेचा आउट पंच नाही, गेट रजिस्टर बघून रेग्युलरायझेशन टाका.” रेग्युलरायझेशन म्हणजे हजेरी दुरुस्तीचा अर्ज. अर्ज त्याचा, मंजुरी माझी. तुम्ही वेळ टाकली तर निदान शेरा लिहा. नुसतं ‘ओके’ हा शेरा नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात. आमच्या चाकण-भोसरीकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि सॉफ्टवेअर मूळचं रविवार धरून आलेलं असतं. नवीन माणूस जोडला की सुट्टीचा वार तपासा. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर ओटी की कॉम्प ऑफ (बदली सुट्टी), ते त्याच दिवशी ठरवा. ठेकेदाराच्या माणसांचे तास पक्क्या कामगारांच्या यादीत मिसळू देऊ नका. रजेवर जाताना पासवर्ड क्लार्कला देऊ नका, सिस्टिममध्ये डेलिगेशन, म्हणजे मंजुरीचा अधिकार तात्पुरता दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय, असतं, ते लावून जा.

‘अप्रूव्ह’ बटण राखाडी दिसतंय म्हणून आयटीला फोन करण्याआधी दोन गोष्टी बघा. कामगाराने शीट सबमिट केली आहे का, आणि त्या पगाराचा कालावधी लॉक, म्हणजे बदलांसाठी बंद, झाला आहे का? लॉक झाला असेल तर एचआरला त्याच दिवशी मेल करा, त्यात कर्मचारी क्रमांक, तारीख, चुकीचे तास आणि बरोबर तास लिहा. पगार 7 तारखेच्या आत निघायचा असतो. तुमचा मेल 6 ला गेला तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते.