शेलमधले डेव्होनियन जीवाश्म: या चुका टाळा

गोव्यात जीवाश्मांचा नाद लागलेल्या माणसाची पहिली चूक हातोडा उचलण्याआधीच होते. डिचोली, सावर्डे, सांगे या भागांत पापुद्र्यांनी सुटणारा करडा किंवा तांबूस खडक दिसतो आणि तो शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला थरांचा खडक, समजून फोडायला घेतला जातो. तो फायलाइट असतो. मूळचा गाळच, पण उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने घडलेले. त्याचे वय २५० कोटी वर्षांच्या घरात जाते. डेव्होनियन काल साधारण ४१.९ कोटी ते ३५.९ कोटी वर्षांपूर्वीचा. गोव्यातला हा गाळ साचला तेव्हा कवच असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता, त्यामुळे त्यात ट्रायलोबाइट (कठीण कवचाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी) शोधणे व्यर्थ आहे.

ताजा फायलाइट उन्हात तिरका धरला की रेशमी चमक मारतो. शेल मंद दिसतो आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो. मात्र खाणीत किंवा रस्त्याच्या कापात कुजून मऊ झालेल्या फायलाइटची चमक गेलेली असते, तिथे ही परीक्षा फसते. म्हणून खाली अजून घट्ट असलेला तुकडा काढून पाहावा.

याच खडकांत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी सापडते. ती मँगनीजची, भेगेत पाणी झिरपून उमटलेली. भिंगाखाली पाहिले की पानाची मधली शीर दिसत नाही, फांद्या वाटेल तशा फुटलेल्या असतात आणि नक्षीला जाडी नसते. नमुना म्हणून जरूर ठेवा, चिठ्ठीवर 'वनस्पती' लिहू नका.

मग डेव्होनियन शेल कुठे?

भारताच्या द्वीपकल्पावर डेव्होनियन सागरी थर नाहीत. ते हिमालयात आहेत. स्पितीत गेलेले लोक काळ्या शेलमधले अमोनाइट (वेटोळ्या शंखांचे जीवाश्म) घेऊन येतात आणि ते डेव्होनियन म्हणून दाखवतात. तो स्पिती शेल जुरासिक, म्हणजे डेव्होनियनच्या खूप नंतरचा आहे, आपल्या देवघरातला शाळिग्रामही त्याच काळाचा. स्पितीतले डेव्होनियन थर वेगळे आहेत. त्यांतला मुथ नावाचा थर हा पांढरा, कडक क्वार्टझाइट (वाळूपासून घडलेला खडक) असून नवशिक्याच्या हाती त्यात फारसे लागत नाही.

हौशी माणसासाठी उत्तम डेव्होनियन शेल आहे तो न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन या खडकगटाचा आणि त्याला लागून कॅनडातल्या ऑन्टारियोत आर्कोना गावाच्या परिसरातला. टोरॉन्टो, मिसिसागा भागात गोव्याची माणसे बरीच आहेत, त्यामुळे नातेवाइकांकडे जाणाऱ्याला ही संधी सहज मिळते. बफेलोजवळची पेन डिक्सी ही सिमेंट कारखान्याची जुनी खाण आता जीवाश्म-उद्यान आहे. तिकीट काढून आत जायचे, सापडेल ते ठेवता येते. ओहायोतल्या सिल्वेनियाच्या उद्यानात मात्र हत्यारे चालत नाहीत, हाताने आणि ब्रशने काम करायचे. न्यूयॉर्कच्या सरकारी जमिनीवरून परवान्याशिवाय काहीही उचलता येत नाही. 'रस्त्याकडेचाच तर दगड' हा विचार तिथे चालत नाही. खाजगी जमीन असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. तो कागद विमानतळावरही कामाला येतो.

फोडताना

थराच्या सपाट पाठीवर, मधोमध हातोडा हाणणे ही सगळ्यांत महागडी चूक. शेल जिथे सुटायला हवा तिथे सुटत नाही, उभा तडकतो, आणि तडा नेमका जीवाश्मातून जातो. कारण साधे आहे: कवच पडल्याने त्या जागी खडक आधीच कमजोर झालेला असतो.

२० ते ३० सेंटिमीटर लांब, ५ ते ८ सेंटिमीटर जाड लादी घ्या. ती कडेवर उभी करा, म्हणजे थर उभे येतील. साधारण ५ सेंटिमीटर पात्याची छिन्नी थराच्या रेषेवर ठेवून हलके ठोके द्या आणि छिन्नी कडेने पुढे सरकवत राहा. चारही बाजू फिरून झाल्या की लादी बहुधा आपोआप उघडते. ६०० ते ७०० ग्रॅमचा, एका बाजूला चपटे पाते असलेला हातोडा पुरतो. सुताराचा हातोडा वापरू नका, छिन्नीवर पडताना त्याच्या तोंडाचा पोलादी कपचा उडतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, बाजूला उभे राहून नुसते पाहणाऱ्याच्याही. उरलेले पातळ पापुद्रे पुट्टी भरायच्या पातीने सोडवा.

लादी उघडल्यावर एका तुकड्यावर जीवाश्म आणि दुसऱ्यावर त्याचा ठसा असतो. ठसा फेकून देणारे पुष्कळ आहेत. पण जीवाश्माच्या तुटलेल्या काट्याचे किंवा डोळ्याचे टोक त्या ठशातच अडकलेले असते. दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक घाला आणि दोन्ही जपा.

नुसत्या फोडण्यात वेळ घालवू नये. पावसाने धुतलेल्या उतारावर पंख पसरल्यासारखे म्युक्रोस्पिरिफर (ब्रॅकिओपॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचाचा सागरी प्राणी), शिंगाच्या आकाराची प्रवाळे आणि क्रिनॉइड या देठावर उभ्या राहणाऱ्या सागरी प्राण्याच्या देठाच्या चकत्या सुट्या पडलेल्या मिळतात. तिथे गुडघ्यावर बसून पाहावे लागते. एल्ड्रेजिऑप्स राना हा ट्रायलोबाइट संकटात अंग गुंडाळून घेत असे. असा गुंडाळलेला नमुना गोट्यासारखा दिसतो आणि उभ्याने चालणाऱ्याच्या पायाखालून निसटतो. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकत. नुसते डोके किंवा नुसती शेपटी मिळाली तर ती बहुधा टाकलेली कात असते. तिला 'मोडका नमुना' म्हणून टाकून देऊ नका.

पाणी, शिरका आणि गोंद

घरी आणल्या आणल्या नळाखाली धरणे टाळा. शेल म्हणजे दाबला गेलेला चिखल. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि थर सुटत जातात. आधी त्याच ठिकाणचा निकामी तुकडा पेल्यात १० मिनिटे बुडवा. पाणी गढूळ होऊन कडा झडल्या तर त्या खडकाला पाणी वर्ज्य, फक्त कोरडा मऊ ब्रश. तुकडा घट्ट राहिला तर जुन्या मऊ टूथब्रशने, कमीत कमी पाण्यात धुता येते. ओला निघालेला शेल गोव्याच्या उन्हात ठेवू नका, एका दुपारीत उकलतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीचे तोंड किंचित उघडे ठेवून, सावलीत आठ-पंधरा दिवस वाळू द्या.

माडाच्या सुरेचा शिरका घरोघरी असतो आणि 'चुना विरघळवायला' तो वापरण्याचा मोह होतो. डेव्होनियन शेलमध्ये कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, भोवतालचा दगड मातीचा. आम्ल कवच खाते, दगड तसाच राहतो. लिंबूही नको, शौचालय साफ करायचे द्रावण तर मुळीच नको. चिकटलेला दगड भिंगाखाली, पिन वाइसमध्ये (सुई घट्ट पकडणाऱ्या छोट्या मुठीत) बसवलेल्या सुईने कणाकणाने काढावा. सुईचा रोख कवचापासून दूर असावा.

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पावसाळ्यात मऊ पडतो आणि दगडात मुरला की पुन्हा नीट काढता येत नाही. संग्रहालये पॅरालॉइड बी-७२ हा ॲक्रिलिक गोंद वापरतात, कारण तो ॲसिटोनमध्ये कधीही परत विरघळतो. झडणाऱ्या पृष्ठासाठी १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम पुरे. जोडासाठी मधासारखा दाट करा. गोव्यात यात दोन अडचणी येतात. ॲसिटोन उडताना पृष्ठ थंड पडते, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि पांढरट साय धरते. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी करा. साय आलीच तर शुद्ध ॲसिटोनचा ब्रश हलकेच फिरवा. दुसरे, हा गोंद ४० अंशांच्या आसपास मऊ होतो. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत नमुना ठेवला तर जोड सरकतो. ॲसिटोन लवकर पेट घेतो, स्वयंपाकघरात त्याची बाटली उघडू नका.

पायराइटचा रोग

डेव्होनियन शेलमधले अनेक जीवाश्म सोनेरी पायराइटचे असतात, म्हणजे लोहाच्या सल्फाइडचे. कोरड्या देशात ते टिकतात. गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वारंवार ८५ टक्क्यांच्या वर जाते, आणि ६० टक्क्यांच्या वर पायराइटचे विघटन वेग घेते. प्राणवायू आणि पाणी मिळून लोहाचे सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होते. आधी पिवळट-पांढरी पूड दिसते, मग गंधकाचा वास येतो, खालची चिठ्ठी तपकिरी होऊन चुरते आणि शेवटी नमुना फुटतो. परदेशातून जपून आणलेला नमुना दोन-तीन पावसाळ्यांत असा हातचा गेला तर त्याचे खरोखर वाईट वाटते, कारण तो वाचवणे फार स्वस्त आहे.

वार्निश किंवा नेलपॉलिश लावून रोग थांबत नाही. त्या लेपातूनही हवेतली वाफ आत जातच राहते आणि आतली ओल बाहेर पडत नाही. पूड पाण्याने धुणे तर आगीत तेल. ती कोरड्या ब्रशने झाडा, चिठ्ठी बदला आणि तो नमुना बाकीच्यांपासून वेगळा करा.

ठेवायची जागा म्हणजे रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. १० लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ टक्क्यांखाली राहिला पाहिजे. दगड स्वतः ओल धरून असतो, म्हणून पहिल्या आठवड्यात जेल लवकर रंग बदलते. ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात डबा उगाच उघडू नका. पाहुण्यांना दाखवायचे नमुने निराळ्या डब्यात ठेवा.

प्रवासात प्रत्येक तुकडा टिश्यू कागदात गुंडाळा, कापसाचे तंतू काट्यांत अडकतात. चिकटलेली माती तिथेच झाडून टाका, कारण देशात माती आणण्यावर निर्बंध आहेत. हातोडा आणि छिन्नी चेक-इन सामानात जाते, केबिनमध्ये नाही. चिठ्ठी त्याच दिवशी, पेन्सिलने लिहा: ठिकाण, थर, तारीख, नमुन्याचा क्रमांक. बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते. तोच क्रमांक दगडाच्या मागे पॅरालॉइडच्या ठिपक्यावर शाईने लिहून वर पुन्हा पॅरालॉइडचा हात द्या, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी वहीतली नोंद त्या दगडाशी जुळवता येते.