रिट्रीव्हर पिल्लाला धावण्याआधी थांबायला शिकवा

लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जाती ब्रिटनमध्ये जोपासल्या गेल्या त्या बंदुकीने पडलेला पक्षी पाण्यातून किंवा गवतातून शोधून, त्याला दात न लावता मालकाच्या हाती आणून देण्यासाठी. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्याने नाशिकमध्ये हे शिक्षण कॅनव्हासच्या डमीवरच, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या भरीव कापडी गुंडाळीवरच, द्यावे लागते. पिल्लासाठी मात्र काम तेच असते आणि त्यातला आनंदही तोच.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत घरातला अरुंद बोळ पुरेसा आहे. बोळाच्या एका टोकाला आपण खाली बसावे आणि गुंडाळलेला मोजा दुसऱ्या टोकाकडे टाकावा, म्हणजे तो उचलल्यावर पिल्लाला परतायला आपल्याकडे येणारी एकच वाट उरते. जवळ येताच तोंडातून मोजा ओढून घेऊ नये. आधी छातीवरून हात फिरवावा, शाबासकी द्यावी आणि मगच ‘सोड’ म्हणून तो अलगद घ्यावा. पिल्लू मोजा घेऊन पळाले तर त्याच्यामागे कधीही धावू नये, कारण त्यातून ते पाठशिवणीचा खेळ शिकते आणि ती सवय पुढे मोडणे फार कठीण जाते. आपण उलट दिशेने पळावे, म्हणजे तेच मागे येते.

साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात आणि हिरड्या दुखतात. या काळात वस्तू आणण्याचा सराव बंद ठेवावा आणि शिट्टी शिकवावी: एक लांब शिट्टी म्हणजे ‘बस’, तुटक छोट्या शिट्ट्या म्हणजे ‘ये’.

सहाव्या महिन्यानंतर पाव किलोची डमी घ्यावी. अर्ध्या किलोची पुढे, अंगात ताकद आल्यावर. आता येणारा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक मालक नेमका तोच गाळतात. पिल्लाला डाव्या बाजूला बसवून, पट्टा हातात ठेवून डमी फेकावी आणि त्याला सोडू नये. ते शांत होईपर्यंत थांबावे, आणि निम्म्या वेळा तर डमी आपणच जाऊन उचलून आणावी. धावण्याची ओढ या जातींच्या रक्तातच असते, ती शिकवावी लागत नाही. फेकलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी नसते, हे मात्र शिकवावेच लागते. एका वेळी तीन-चार फेकी पुरेत, कारण पिल्लाचा उत्साह टिकून असतानाच थांबले तर ते दुसऱ्या दिवशी तितक्याच हौसेने कामाला येते.

पिल्लू डमी हातात न देता दोन पावले अलीकडेच टाकत असेल, तर पुढे होऊन ती उचलू नये, मागे सरकत जावे. चावत असेल तर रागावण्यापेक्षा परतीचे अंतर कमी करावे. दोरी ओढण्याचे खेळ पूर्ण वर्ज्य, कारण त्यातून तोंडाची पकड कठोर होते.

उंच गवतातला सराव वारा पाहून करावा: वारा डमीकडून पिल्लाकडे येत असेल, तर डोळ्यांनी न दिसलेली वस्तू ते नाकाने शोधू लागते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधीच सराव संपवावा. शेतात जायचे असल्यास शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, अलीकडे फवारणी झाली आहे का ते विचारावे, आणि नाशिकपुरती एक खबरदारी विसरू नये: द्राक्षे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि कांद्याने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षबागेत गळालेले मणी किंवा कांद्याच्या चाळीबाहेरचा कचरा लॅब्रॅडॉर हमखास तोंडात घालतो, म्हणून अशा ठिकाणी पट्टा सोडू नये.

पाण्याची ओळख उथळ, संथ काठावर, आपण स्वतः पाण्यात उतरून करून द्यावी. पिल्लाला ढकलू नये. पावसाळ्यात गोदावरीचा प्रवाह टाळावा. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, तेथे कुत्रा नेऊ नये, आणि इतर कोणत्याही काठावर पक्षी उतरलेले दिसले तर त्या दिवशीचा सराव दुसरीकडे करावा.